पडद्यामागच्या वायरी

आमचा जुना चार्टप्लॉटर, म्हणजे समुद्राच्या नकाशावर बोटीची जागा दाखवणारं यंत्र, एका फटक्यात गेला नाही. दोन हंगाम तो आचके देत होता. आधी पडद्याच्या डाव्या कडेला एक उभी पांढरी रेघ उमटली, मग तिला सोबत म्हणून दुसरी आली. पुढे झूमचं बटण आत गेलं की बाहेर यायचं विसरायला लागलं, त्यामुळे नकाशा आपसूक मोठा होत होत एखाद्या खडकावर जाऊन बसायचा. तरी चालवून घेत होतो. शिडाच्या बोटीवर न चालणाऱ्या वस्तूंची यादीच एवढी लांब असते, की अर्धवट चालणाऱ्या वस्तूचा नंबर कधी लागतच नाही.

एके दिवशी मुलगी पडद्याकडे बघत म्हणाली, "बाबा, याच्या हिशोबाने माझा अजून जन्मच झालेला नाही."

तारीख जवळजवळ वीस वर्षं मागे गेली होती. ती सतरा वर्षांची, म्हणजे तिचं गणित बरोबर होतं. मी आधी बॅटरीवर संशय घेतला, पण भानगड जीपीएसच्या मूळ रचनेतली निघाली. उपग्रहाच्या जुन्या संदेशात आठवड्याचा क्रमांक दहा बिटांत लिहिलेला असतो, म्हणजे ० ते १०२३. त्यापुढे पुन्हा शून्य. मोजणी ६ जानेवारी १९८० ला सुरू झाली, पहिला फेरा ऑगस्ट १९९९ मध्ये संपला आणि दुसरा एप्रिल २०१९ मध्ये. काही रिसीव्हर मात्र कारखान्यात ठरवून दिलेल्या आठवड्यापासून आपला हिशोब मांडतात, त्यामुळे त्यांची गल्लत भलत्याच दिवशी होते. आमचा त्यातला असावा. जागा अचूक सांगत होता, काळ तेवढा चुकत होता.

जागा बरोबर आहे ना, मग तारखेचं काय एवढं, असं म्हणून मी ते सोडून दिलं. आठवड्याभराने एका खाडीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा त्याची किंमत कळली. समोरचा बोया, म्हणजे नांगरलेली तरंगती खूण, समुद्राच्या बाजूला चांगलाच झुकला होता, त्याच्या मागे पाण्याची लांब शेपूट पडली होती, ओहोटीचं पाणी खळखळत बाहेर येत होतं. आणि प्लॉटरवर भरतीचा बाण ऐटीत आत बोट दाखवत होता. भरती-ओहोटीचं गणित तो तारखेवरूनच करणार, आणि तारीख वीस वर्षांपूर्वीची. निर्मात्याने त्या मॉडेलची सुधारणा देणं कधीच थांबवलं होतं. त्या रात्री नांगर टाकल्यावर मी वही काढली आणि वर लिहिलं, "नवा प्लॉटर."

पहिल्या पानावर एकच ओळ होती: बारा इंची.

खोटं कशाला बोलू, मला मोठा पडदा हवा होता. चाळिशी लागलेल्या माणसाला हवा असतोच. पण आमच्या बोटीला चाक नाही, सुकाणूचा दांडा आहे. त्यामुळे चाकासमोरच्या खांबावर पडदा बसवायची सोय नाही. जागा तीनच. केबिनमधलं नकाशाचं टेबल, जिथे प्लॉटर कोरडा राहतो पण सुकाणूवरच्या माणसाला दिसत नाही. बाहेरची भिंत, जिथे होकायंत्र आहे. आणि केबिनमध्ये उतरायच्या जिन्याचं तोंड, जिथे फिरत्या हातावर पडदा बसवला की हवा तेव्हा बाहेर वळवता येतो आणि नको तेव्हा आत.

होकायंत्राशेजारची जागा मॅन्युअल वाचून बाद केली. प्रत्येक प्लॉटरच्या मॅन्युअलमध्ये होकायंत्रापासून किती अंतर ठेवायचं ते दिलेलं असतं, आणि आमच्या भिंतीवर तेवढं अंतर मिळणार नव्हतं. एक यंत्र नवीन आणताना दुसरं बिघडवायचं, त्यातही वीज नसताना चालणारं, हे काही पटेना.

राहिला फिरता हात. मी पुठ्ठ्याचे तीन चौकोन कापले, सात, नऊ आणि बारा इंची पडद्यांच्या बाहेरच्या मापाचे. मागे तेवढ्याच जाडीचा थर्माकोल चिकटवला आणि एका लाकडी पट्टीला आळीपाळीने बांधून जिन्याच्या तोंडाशी लटकवले. मग आम्ही दिवसभर त्या पुठ्ठ्यांसह शीड हाकारलं. बाकीच्या बोटीवरून बघणाऱ्यांना काय वाटलं असेल कोण जाणे.

बाराचा पुठ्ठा तासाभरात हरला. बोट एका अंगावर कलली की जिन्यातून वर येणारं माणूस आधाराला समोरची पहिली वस्तू पकडतं, आणि ती वस्तू म्हणजे प्लॉटर. मुलगी दोनदा त्यालाच धरून वर आली. तिसऱ्या वेळी वळण घेताना मुख्य शिडाची दोरी ढिली पडून त्याच्या कोपऱ्यात अडकली आणि पुठ्ठा पाण्यात गेला. नऊचा टिकला, पण जिना उतरताना कूस बदलावी लागायची. सातचा कोणाच्या वाटेत आला नाही. माझ्या डोळ्यांच्या मात्र आला.

मग विजेचा हिशोब मांडला. मी बघत होतो त्यातल्या बारा इंची पडद्यांना पूर्ण उजेडात अडीच अँपिअरच्या आसपास लागत होते, सात इंचींना साधारण एक. रात्रभराचा बारा तासांचा प्रवास धरला तर एकीकडे ३० अँपिअर-तास, दुसरीकडे १२. आमची बॅटरी शंभराची, जुन्या धाटणीची शिशाची, म्हणजे निम्म्याखाली उतरवायची नाही. हातात पन्नास. त्यातून दिवे, रेडिओ आणि सगळ्यात खादाड म्हणजे आपोआप सुकाणू धरणारा ऑटोपायलट. कायम इंजिनवर चालणाऱ्यांना हा हिशोब करावा लागत नाही. आम्हाला प्रत्येक अँपिअर हाताने मोजावा लागतो.

इथे मुलीने वाजवी प्रश्न विचारला. "बाबा, सरळ टॅबलेटच घे ना. नकाशे तेच असतात."

नकाशे खरंच तेच असतात. ओपनसीपीएनसारखं फुकट सॉफ्टवेअर लॅपटॉपवर मी घरी वापरतोच, प्रवासाची आखणी त्यावरच होते. आम्ही महिनाभर टॅबलेट वापरूनही पाहिला. दुपारच्या उन्हात तो तापून "थंड होऊ द्या" असं सांगून बंद पडला. पाण्याचे तुषार उडाले की थेंबांनाच बोटं समजून नकाशा इकडेतिकडे पळायचा. चार्जिंगच्या भोकात खारं पाणी गेलं तेव्हा प्रयोग आटोपता घेतला. टॅबलेट आता केबिनमध्ये कोरड्या पिशवीत असतो, राखीव म्हणून. कागदी नकाशेही आहेत, ते कुणी काढायला सांगितलं तरी काढणार नाही.

थेंबांच्या अनुभवाने एक गोष्ट पक्की झाली, नुसता टच नको. हातात ओले मोजे, बोट उडतेय, एका हातात सुकाणू, अशा वेळी काचेवर नेमक्या जागी बोट टेकवणं ही सर्कस आहे. बटणं हवीत, निदान झूमसाठी एक फिरवायचा खटका तरी हवा. त्यामुळे यादी एकदम निम्म्यावर आली. पुष्कळ मॉडेलं नुसती काचेची पाटी असतात. दिसायला फार देखणी.

पडदे बघायला गेलो तेव्हा समुद्रावर वापरतो तो ध्रुवीकरणाचा काळा चष्मा मुद्दाम घालून गेलो. एका पडद्यासमोर उभा राहिलो, सगळं लख्ख. मान थोडी उजवीकडे कलवली तर पडदा विझत विझत पार काळा. दुकानातला माणूस, मी प्रत्येक पडद्यासमोर मान डावी-उजवी करतोय हे बघून, काही दुखतंय का म्हणून विचारायला आला. कललेल्या बोटीत मान सरळ राहत नाही हे त्याला सांगितलं, मग त्यानेही चष्मा मागून घेतला आणि आम्ही दोघं मिळून माना कलवत फिरलो. तीन मॉडेलं तिथेच गळली. उजेडाचे आकडे, म्हणजे हजार निट, बाराशे निट, ते सगळेच छापतात, चष्म्यातून काय दिसेल ते कोणी छापत नाही.

नकाशांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तो सत्कारणी लागला असं मला वाटतं. प्लॉटर घेताना लोक यंत्र निवडतात आणि नकाशा त्याच्याबरोबर जो येईल तो घेतात. खरं तर उलटं हवं. आजचे जवळजवळ सगळे प्लॉटर वेक्टर नकाशे वापरतात. कागदी नकाशाचं ते छायाचित्र नसतं, प्रत्येक खडक, दिवा, खोलीची रेघ ही वेगळी नोंद असते आणि कुठल्या झूमला काय दाखवायचं हे सॉफ्टवेअर ठरवतं. म्हणजे काय लपवायचं हेही तेच ठरवतं.

२९ नोव्हेंबर २०१४ ला व्हॉल्वो ओशन रेसमधली 'टीम वेस्टास विंड' ही बोट हिंदी महासागरात कार्गाडोस काराजोस नावाच्या प्रवाळांवर रात्री भर वेगात चढली. माणसं वाचली. बोटीवर निष्णात लोक होते, इलेक्ट्रॉनिक नकाशे होते, आणि ते प्रवाळ त्या नकाशांत होतेही. पण पुरेसं झूम करून बघितल्याशिवाय त्यांचा धोका कळत नव्हता. ही गोष्ट शिडवाल्यांत सगळ्यांना पाठ असते, तरी प्लॉटर घेताना कोणाला आठवत नाही.

मी माझी चाचणी तिच्यावरूनच बेतली. आमच्या नेहमीच्या पाण्यात एक एकटा खडक आहे, ओहोटीलाही पाण्याच्या जेमतेम खाली राहणारा. चौफेर खोल पाणी, मध्येच हा. प्रत्येक प्लॉटरवर मी तो शोधायचो आणि एकेक पायरी झूम बाहेर नेत बघायचो, तो कधी नाहीसा होतो. एका नकाशात तो बऱ्याच लांबपर्यंत छोट्या फुलीसारखा टिकून राहिला. दुसऱ्यात, सगळा पडदा म्हणजे साधारण सहा सागरी मैल अशी पायरी आली आणि खडक गायब. तिथे नुसता निळा रंग, शांत, गुळगुळीत. सहा मैलांचा पडदा तर रात्री आम्ही सर्रास लावतो. तो नकाशा आणि पर्यायाने ते यंत्र बाद.

उलट्या दिशेनेही फसगत होते. झूम आत नेत गेलं की खोलीच्या रेघा इतक्या सुबक वळणं घेतात की कोणी काल मापून आलंय असं वाटावं. प्रत्यक्षात ती मापणी शिशाचं वजन दोरीने सोडून कधीकाळी केलेली असू शकते. अधिकृत नकाशांत मापणीच्या भरवशाची वर्गवारी असते: ए-१ म्हणजे जागेत पाच मीटरपर्यंतची चूक, बी म्हणजे पन्नास, सी म्हणजे पाचशे. ही वर्गवारी प्लॉटरवर दिसते का, आणि किती मेनू खणल्यावर दिसते, हे मी प्रत्येक यंत्रात बघितलं. काहींत ती सापडलीच नाही.

बाकी गोष्टींवर झटपट काट मारली. रडार नको. मासे शोधायचा सोनार नको. वाऱ्याविरुद्ध चढताना कुठे वळायचं त्या रेषा पडद्यावर आखून देणारी सोय मोहाची होती, पण तिला वाऱ्याचा सेन्सर, पाण्यातला वेग आणि इलेक्ट्रॉनिक होकायंत्र तिन्ही लागतात. आमच्याकडे वाऱ्यासाठी डोलकाठीवर एक चिंधी आहे.

एवढं झाल्यावर मला वाटलं, निवड झाली. तेव्हा एका जुन्या जाणत्या मित्राने विचारलं, "ते सगळं ठीक आहे. पण तुमचा ऑटोपायलट त्याचं ऐकणार का?"

जुन्या प्लॉटरच्या मागचं फळकूट मी तोवर उघडलंच नव्हतं. उघडलं. आत लाल वायर, तिच्या शेजारी लाल वायर, खाली लाल वायर आणि काळ्या टेपमध्ये गुंडाळलेली आणखी एक लाल वायर. बोटीच्या आधीच्या मालकाकडे एकाच रंगाचं भेंडोळं होतं, एवढाच त्याचा अर्थ. एका जोडावर हिरवी बुरशी चढली होती, बोट लावलं तर तांब्याची भुकटी हाताला आली.

दोन दिवस मी त्या वायरी मल्टिमीटरने शोधत, प्रत्येकीला कागदी चिठ्ठी बांधत बसलो. आमचा ऑटोपायलट, खोली सांगणारं यंत्र आणि एआयएस रिसीव्हर (आसपासच्या जहाजांचे संदेश पकडणारा) तिघंही एनएमईए ०१८३ ही जुनी भाषा बोलतात. ती १९८३ ची. साध्या अक्षरांतली वाक्यं, सेकंदाला ४८०० बिट, एक बोलणारा आणि बाकीचे ऐकणारे. एआयएसला तेवढा वेग पुरत नाही, तो ३८४०० ने बोलतो, म्हणून त्याला वेगळा पोर्ट लागतो. लॅपटॉप जोडला की ही वाक्यं डोळ्यांनी वाचता येतात, हे मला फार आवडतं. खोली किती, पुढचा बिंदू कुठे, वाटेवरून किती सरकलो, सगळं स्वल्पविरामांनी तोडलेलं.

नवे प्लॉटर एनएमईए २००० बोलतात. ते मोटारीतली यंत्रं एकमेकांना जोडणाऱ्या 'कॅन बस' या जाळ्यासारखं आहे, एक मुख्य केबल, तिला ठिकठिकाणी फांद्या, सगळे सगळ्यांशी बोलतात, सेकंदाला अडीच लाख बिट. रचना उत्तम. पण मला आवडलेल्या पाचपैकी तीन यंत्रांत जुन्या भाषेचा पोर्टच नव्हता. म्हणजे पडदा बदलायचा तर दुभाषा डबा घ्या, नाहीतर चांगला चालणारा ऑटोपायलटही बदला, मग त्याचा पंप, मग त्याची वायर. एका दगडाने धरणाची भिंत ढासळावी तसं झालं असतं.

निवड इथे झाली. पडद्याची धार, इंच, रंग सगळं मागे पडलं आणि वहीत एक आकृती उरली: कोण बोलतं, कोण ऐकतं, कुठल्या भाषेत. त्या आकृतीत बसणारी दोनच यंत्रं होती. एकाचा खडक सहा मैलांवर गायब होत होता. दुसरं घेतलं, सात इंची, बटणं आणि खटकावालं, दोन्ही भाषा बोलणारं. जुना पोर्ट मात्र एकच. त्यावर ऑटोपायलट ठेवला आणि खोली व एआयएससाठी तो दुभाषा डबा अखेर घ्यावाच लागला. कंपनीचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. तुमच्या फळकुटामागे लाल वायरी नसतील.

बसवताना तीन चुका झाल्या. पहिली निस्तरायला सोपी. नव्या केबलच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक लागतो, वीज बंद करून मध्ये मोजलं तर साठ दिसायला हवेत. मला १२० दिसले. म्हणजे एक टोक बोडकं. ते नुसतं ढिलं होतं, पेच घट्ट केला आणि साठ आले.

दुसरी, जुनी बारीक वायरच वापरली. इंजिन सुरू करायला किल्ली फिरवली की विजेचा दाब पडायचा आणि प्लॉटर डोळे मिटून पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. इंजिन आम्ही सुरू करतो ते बंदरात शिरताना, म्हणजे नकाशा हवा असतो नेमका तेव्हाच. कथिल चढवलेली जाड वायर, स्वतंत्र फ्यूज आणि इंजिनच्या नव्हे तर दिवे-रेडिओच्या बॅटरीवरून जोडणी केल्यावर ते थांबलं.

तिसरी चूक आठवली की अजून पोटात गोळा येतो. खोली मोजणारा सेन्सर आमच्या बोटीत पाण्याच्या पातळीखाली ०.४ मीटरवर आहे आणि कीलचं, म्हणजे बोटीच्या पोटाखालच्या जड पात्याचं, टोक १.५ मीटरवर. मला पडद्यावर कीलखाली किती पाणी उरलं ते हवं, म्हणजे सेन्सरच्या आकड्यातून १.१ वजा. मी भरलं अधिक १.१. धक्क्याला बांधून असताना सवयीने वजनाची दोरी सोडली तर तळ २.६ वर लागला. पडदा म्हणत होता, कीलखाली ३.३. एकूण पाणी २.६ आणि त्यातल्या त्यात कीलखाली ३.३! कीलखाली खरं १.१ मीटर होतं. एका चिन्हाने २.२ मीटर पाणी फुकट दिलं होतं. दोरी सोडली नसती तर हे कुठल्यातरी वाळूच्या दांड्यावर कळलं असतं.

जुन्या यंत्रात साठवलेले वाटेवरचे बिंदू नव्यात आपोआप आले नाहीत. जुन्याचं कार्ड आता कुठलंच यंत्र वाचत नाही. मग मुलगी वहीतून वाचणार आणि मी टिपणार. साठेक बिंदू. चाळीस झाल्यावर एक बिंदू डोंगरावर चढला. वहीत काही नोंदी अंश-मिनिट-सेकंदांत होत्या, यंत्र मिनिटांचे दशांश मागत होतं. २४ मिनिटं ४५ सेकंद मी २४.४५ म्हणून भरलं होतं, खरे ते २४.७५. फरक ०.३ मिनिटाचा. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर, म्हणजे साडेपाचशे मीटरची चूक. जो डोंगरावर गेला तो सापडला. समुद्रातच पडलेले आणखी चार होते, ते शोधायला पुन्हा पहिल्यापासून सगळे वाचावे लागले. या खेपेला मी वाचलं आणि तिने टिपलं, आणि ती अर्ध्या वेळात मोकळी झाली.

पंधरा दिवसांनी त्याच खाडीच्या तोंडाशी गेलो. संध्याकाळ होती, ऑटोपायलट दांडा हळूहळू इकडेतिकडे करत होता, प्लॉटरने दिलेला पुढचा बिंदू त्याने निमूट ऐकला होता. बोया पुन्हा समुद्राकडे झुकलेला, मागे तीच शेपूट. मी हात फिरवून पडदा बाहेर घेतला. बाणही समुद्राकडे.

मुलीने कोपऱ्यातली तारीख वाचली. "जन्मले वाटतं मी," म्हणाली आणि पुढचं शीड उतरवायला गेली.

पडद्याच्या हाताचा सांधा वळवताना करकरतो. त्याला तेल द्यायचं राहिलंय.